पत्र्याखाली बांधलेलं जित्राब

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३८, नोकरी करतात. घरात नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतलं तळमजल्याचं घर पाण्यात गेलं, तेव्हापासून सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पूर ओसरल्यावर गल्लीत साचलेले कचऱ्याचे ढीग त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं, की आपल्या घरातला ओल्या कचऱ्याचा एक कणही बाहेर जाऊ द्यायचा नाही. मार्चमध्ये रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या एकात एक बसवून, भोकं पाडून त्यांनी गांडुळांचा डबा केला, अर्धा किलो गांडुळं विकत आणली आणि डबा पश्चिमेच्या बाल्कनीत पत्र्याच्या शेडखाली ठेवला. तीन आठवडे छान गेले. मुलगा रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बघायचा. मग जोतिबाच्या यात्रेला पाहुणे आले. उरलेला भात, रस्सा, आंब्याच्या साली, सगळं डब्यात गेलं. दोन दिवस डोंगरावर जाऊन आल्यावर झाकण उघडलं तर घाण वास, राखाडी चिखल आणि एकही गांडूळ नाही. शेजाऱ्यांनी तक्रार केली. पहिल्याच दिवशी "घरात किडं कशापायी पाळाय लागलीयास? आणि उन्हात, पत्र्याखाली जित्राब बांधतंय व्हय कोण?" असं म्हणणाऱ्या सासूबाई आता "जीव घेतलास त्यांचा, पाप हाय" म्हणतात. नवऱ्याचं म्हणणं, साडेचार हजारांचा तयार तीन मजली डबा घे, नाहीतर नाद सोड. ताई विचारतात: "ती मेली की पळाली? मला हे जमण्यातलं नाही का? तयार डबा घेऊ का? पावसात बागेत फुकट गांडुळं दिसतात, ती आणली तर? जुना डबा अजून तसाच झाकून ठेवलाय. रिकामा करायचं धाडस होत नाही."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना बादल्या, वास, शेजारी हेच डोळ्यांत भरलं. दुसऱ्यांदा वाचताना सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय आणि लगेच पुढे गेलाय. "उन्हात, पत्र्याखाली जित्राब बांधतंय व्हय कोण?" तुम्हाला तो टोमणा वाटला. टोमणा असेलही. पण तुमच्या डब्याला काय झालं याचं निम्मं निदान त्या एका वाक्यात आहे, आणि ते त्यांनी सगळं बिघडायच्या आधी केलेलं आहे.

आधी तेवढं उलगडून सांगते. खत करणाऱ्या गांडुळांना २० ते ३० अंशांच्या मधली हवा मानवते. डब्यातली ऊब ३५ च्या पुढे गेली की ती तगत नाहीत. चैत्रात आपल्याकडे दुपारी पारा ३७-३८ ला सहज टेकतो आणि पश्चिमेच्या बाल्कनीत तापलेल्या पत्र्याखाली त्याहून वर जातो. प्लास्टिकच्या बादलीची भिंत पातळ, ऊन आत यायला तिचा काहीच अटकाव नाही. त्यात तुम्ही पाहुण्यांच्या जेवणाचं उरलेलं टाकलंत. भात आणि आंब्याच्या साली आंबायला लागल्या की त्यांची स्वतःची उष्णता निर्माण होते. आंबवणारे जिवाणू आतला प्राणवायू संपवून टाकतात आणि हवा नसली की सडणं सुरू होतं. तो घाण वास त्याचाच. रस्स्यातलं मीठ आणि तिखट वेगळंच. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. त्या कातडीला मीठ लागलं की अंगातलं पाणी ओढून घेतलं जातं. वरून झाकण घट्ट, भिंती तापलेल्या. जायला जागाच नव्हती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पळाली नाहीत, मेली. गांडुळाच्या अंगात बहुतांश पाणीच असतं, म्हणून मेलेली गांडुळं उन्हाळ्यात दोन दिवसांत विरघळून जातात, मागे काही राहत नाही. म्हणून तुम्हाला एकही दिसलं नाही. हे मी गोड करून सांगत नाही, कारण तुम्ही सरळ विचारलंय आणि खरं उत्तर ऐकायची तुमची तयारी पत्रातून दिसतेय.

पण "मला हे जमण्यातलं नाही" हा निष्कर्ष मला पटत नाही. तीन आठवडे डबा व्यवस्थित चालला होता. भोकं बरोबर होती, ओल बरोबर होती, खाणं बेताचं होतं. दोन दिवसांत जे झालं ते जागा आणि खाणं या दोन गोष्टींमुळे झालं आणि त्या दोन्ही बदलता येतात.

माझा स्वतःचा पहिला डबा पावसाळ्यात गेला होता. मंगळवार पेठेतल्या घराच्या गॅलरीत ठेवला होता. जुलैचा पाऊस तिरपा आत यायचा आणि मी खालच्या बादलीत साठलेलं पाणी काढायचं विसरत होते. एका सकाळी झाकण उचललं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला, कडेच्या खाचेत, सगळी एकमेकांत गुंतून बसलेली. लोकरीच्या ओल्या गुंड्यासारखी, पण हलणारी. पाणी खालच्या भोकांपर्यंत चढलं होतं आणि ती जिवाच्या आकांताने वर आली होती. काही तर भोकांतून बाहेर पडून फरशीवर वाळून चिकटली होती. त्या दिवशी फरशी पुसताना मला जे वाटलं, ते तुम्हाला आज वाटतंय. म्हणून "इतकं काय मनाला लावून घ्यायचं, गांडुळंच ती" असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

आता तुमच्या ठरावाबद्दल. "एक कणही बाहेर जाऊ द्यायचा नाही." पुरानंतरचे ते ढीग ज्याने बघितलेत त्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ताई, नवस तुम्ही बोललात आणि फेडायला लावला गांडुळांना. चार माणसांच्या घरात देठं, सालं, उरलंसुरलं मिळून दिवसाला किलोभर ओला कचरा सहज निघतो, आंब्या-कलिंगडाच्या दिवसांत जास्तच. अर्धा किलो गांडुळं, अगदी रुळलेली आणि खुशीत असली, तरी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्मं म्हणजे पाव किलोच्या आसपास संपवतात. नव्या डब्यात पहिले दोन महिने तर तेवढंही नाही. तेव्हा शंभर ग्रॅम, म्हणजे एक आमटीची वाटी, एवढंच धरून चाला. तुमच्या घरच्या कचऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचं त्यांचं पोट आहे. बाकीच्या नऊ वाट्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही डबा करताना स्वतःला विचारला नव्हता. मला येणाऱ्या पत्रांतले बहुतेक डबे याच कारणाने बिघडलेले असतात.

त्या नऊ वाट्या वेगळ्या ठेवून घंटागाडीत दिल्या, तर ते तुमचं अपयश नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा करून देणं हे घनकचरा नियमांनी प्रत्येक घराचं काम म्हणून ठरवून दिलंय आणि ते नीट करणारी घरं आपल्या प्रत्येक गल्लीत किती आहेत ते तुम्हीच बघा. प्लास्टिक, ब्लेड, औषधाच्या पट्ट्या यांत न मिसळलेला ओला कचरा गाडीवरच्या बाईच्या हातात पडला, तर तिच्या हाताला जखम होत नाही आणि त्या कचऱ्याचं पुढे खतही होऊ शकतं. पुरात तुम्ही जे ढीग बघितलेत ते सगळं एकत्र मिसळल्यामुळे तसे झाले होते.

मग गांडुळं हवीतच कशाला, असाही प्रश्न येतो आणि तो मी खरंच विचारतेय. गांडुळांशिवायही खत होतं. भोकं पाडलेली बादली किंवा मातीचा रांजण घ्यायचा. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्याच्या दुप्पट वाळलेला पाला, मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक, आठवड्यातून दोनदा उलटंपालटं करायचं. अडीच-तीन महिन्यांत खत तयार. असा डबा दोन दिवस विसरलात तरी रुसत नाही, उरलेला भात थोडाफार पचवतो आणि उन्हाळ्यात त्यातलं काही मरत नाही. ज्यांना वरचेवर गावाला जावं लागतं किंवा ज्यांच्या घरात सावलीची जागाच नाही, त्यांना मी हेच सांगते. कचरा कमी करणं एवढंच तुम्हाला हवं असेल, तर तुम्हालाही हेच सांगेन.

पण तुमच्या पत्रात ती टॉर्चची ओळ आहे. दिवसभर ऑफिस करून आल्यावर तुम्ही आणि तुमचा मुलगा रोज दहा मिनिटं त्या डब्यापाशी बसत होतात. ती ओळ लिहिताना तुमचा सूर बदललाय. तुम्हाला खत हवंय, कचरा कमी व्हायला हवाय, आणि पाळायलाही काहीतरी हवंय. मग गांडुळं पाळाच. फक्त पाळताय हे लक्षात ठेवून पाळा. डबा म्हणजे तुमचा गोठा आहे. गोठ्यात आपण लग्नघरची सगळी खरकटी पत्रावळ लोटत नाही. दावणीला काय, किती आणि कधी घालायचं याला हिशेब असतो.

तयार तीन मजली डब्याबद्दल. तो वाईट नसतो. वरच्या मजल्यावर खाणं टाकत गेलं की गांडुळं वर सरकतात आणि खालच्या मजल्यातलं खत सहज काढता येतं, ही खरी सोय आहे. पण तोच साडेचार हजारांचा डबा तुमच्या पत्र्याखाली असता, तर त्यातलीही मेली असती. पैसे खर्चून जागा बदलत नाही. आधी दोनशे रुपयांत एक वर्षभर सांभाळून दाखवा, मग हौस म्हणून घ्या.

बागेतली फुकटची गांडुळं मात्र आणू नका. पावसात फरसबंदीवर येतात ती मातीत बिळं करून राहणारी. काही वरच्या मातीत, काही हातभर खोल. त्यांना माती लागते. बादलीत नुसता पालापाचोळा आणि देठं दिलीत तर ती फार दिवस तगणार नाहीत. खताच्या डब्यात जी राहतात ती मातीच्या वर, सडत्या पाल्यात जगणाऱ्या जातीची. विकत मिळतात त्यांत तांबडी, अंगावर पिवळसर पट्टे असलेली आयसेनिया फेटिडा असते आणि दुसरी जाडसर, जांभळट चमकीची, लांब वाढणारी आफ्रिकेतली युड्रिलस. आपल्याकडचीच म्हणावी अशी पेरिओनिक्स ही जातही डब्यात चांगली राहते. शेणाच्या जुन्या उकिरड्यात वरच्या थरात सापडणारी बारीक, चपळ, तांबडी गांडुळं बहुतेकदा तीच असतात. एखाद्याच्या गोठ्यामागे असा उकिरडा असेल, तर तिथली मूठभर आणायला हरकत नाही. आणि एवढं ऐका, विकतची गांडुळं नको झाली म्हणून रानात किंवा नदीकाठी नेऊन सोडू नका. ज्याला हवीत त्याला द्या.

आता नव्याने करायचं तर कसं. रंगाची बादली उंच आणि अरुंद असते. गांडुळं वरच्या वीतभर थरात जगतात, खालचा भाग दाबून घट्ट होतो आणि कुजतो. म्हणून उंचीपेक्षा पसरटपणा बघा. पसरट प्लास्टिकचा टब चालेल, औषधांच्या दुकानातला थर्माकोलचा खोका फार चांगला, कारण त्याची भिंत ऊन अडवते. मला विचाराल तर कुंभार गल्लीत मिळणारी पसरट मातीची कुंडी सगळ्यांत उत्तम. तिच्यातून ओल झिरपत राहते आणि माठातल्या पाण्यासारखं आतलं गार राहतं. तळाला करंगळी जाईल अशी सात-आठ भोकं, खाली विटेचे दोन तुकडे, त्याखाली ताट. वरून घट्ट झाकण नको. ओलसर गोणपाट टाका आणि त्यावर एखादी फळी तिरकी ठेवा.

अंथरूण हा निम्मा डबा असतो आणि लोक त्यातच काटकसर करतात. लक्ष्मीपुरीतून येताना फळवाल्याकडचे दोन पुठ्ठ्याचे खोके मागून आणा, चिकटपट्टी काढा, बोटभर तुकडे फाडा, पाण्यात बुडवून पिळून घ्या. त्यात नारळाची शेंडी पिंजून मिसळा. उसाचं पाचट बारीक तोडून घातलं तर फारच छान, ते सहजी दाबलं जात नाही आणि मधे हवा खेळती राहते. रसवंतीची ताजी चिपाडं मात्र तशीच घालू नका. त्यांत साखर असते, मुंग्या तुटून पडतात आणि आंबून डबा तापतो. चिपाडं हवीच असतील तर महिनाभर पावसात-उन्हात पडू द्या, मग घाला. शेण आणणार असाल तर म्हशीचं ताजं शेण चालत नाही. तेही तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. दूध कट्ट्यावर येणाऱ्या एखाद्या गवळ्याला विचारून तीन-चार आठवडे पडून असलेलं, वास गेलेलं शेण आणा. त्याला एवढंही विचारा, की म्हशीला नुकतंच जंताचं औषध दिलंय का. त्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि गांडुळांना बाधतो.

ओल किती हवी, हे हाताला कळतं. अंथरूण मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर कोरडा पुठ्ठा मिसळा. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. याला मीटर-बीटर लागत नाही, पण हात घालावा लागतो आणि रोज घालावा लागतो.

खाण्याचं एक गुपित आहे. गांडुळाला दात नसतात. मेथीचं देठ ते आज खाऊच शकत नाही. देठावर आधी बुरशी आणि जिवाणू बसतात, देठ मऊ पडतं, मग ते त्या जिवाणूंसकट गिळलं जातं. म्हणून देठं, सालं बारीक चिरून दोन दिवस एका डब्यात ठेवा आणि मग घाला. कोपरा उकरायचा, एक वाटी घालायची, वर अंथरूण ओढून घ्यायचं. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. पहिल्या कोपऱ्यातलं दिसेनासं झाल्याशिवाय तिथे परत नाही. एवढा एक नियम पाळला असता तर यात्रेच्या दिवशी तुमचा हात आपोआप थांबला असता. चहाचा चोथा त्यांना आवडतो, पण आपला चहा दुधा-साखरेत उकळलेला, म्हणून चोथा एकदा पाण्याखाली धरायचा. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढा आणि आठवड्याला चमचाभर भुरभुरा. आंबटपणा मारला जातो, आणि गांडुळाच्या पोटात दळायला कण लागतात ते मिळतात. लिंबाची सालं, कांद्या-लसणाची ढीगभर टरफलं, लोणचं, दही, तेलाचं, मटणाची हाडं, तांबडा-पांढरा रस्सा, यांतलं काही नको. आपल्या घरचं खरकटं चवीचं असतं आणि ती चव त्यांना झेपत नाही.

नवीन गांडुळं सोडल्यावर पहिल्या दोन-तीन रात्री वर बारीक दिवा चालू ठेवा. त्यांना उजेड नको असतो, त्यामुळे ती आतच राहतात आणि जागा ओळखीची होते. मुंग्या आल्या तर विटांखाली पाण्याची ताटली ठेवा आणि समजा, की अंथरूण कोरडं झालंय. चिलटं आली तर खाणं उघडं राहतंय. ताटात काळं पाणी साठतं ते बघून लोक खूश होतात आणि झाडांना ओततात. तसं करू नका. तो कचऱ्यातून झिरपलेला निचरा आहे. भरपूर साठत असेल तर डबा फार ओला आहे, एवढाच त्याचा अर्थ. दहापट पाणी घालून फुलझाडांना दिला तर चालतो, कोथिंबीर-पालकाला नको.

पावसाळा सुरू होतोय, हवा आता गांडुळांच्या सोयीची आहे. फक्त तिरप्या पावसापासून सांभाळा. पुढच्या मार्चला डबा बाल्कनीतून उचलून घरात आणा, मे संपेपर्यंत. न्हाणीघराबाहेरचा बोळ किंवा ओट्याखालची जागा, जिथे फरशी गार लागते तिथे. बाहेरगावी जाताना खाणं जास्त घालून जायचा मोह होतो, आणि तुमच्याकडे तोच नडला. उलट करा, अंथरूण वाढवा आणि खाणं घालूच नका. ओल असली तर दोन आठवडे ती पुठ्ठा आणि पाचट खाऊन मजेत राहतात.

राहिल्या सासूबाई. तुम्हाला वाटतंय त्या विरोधात आहेत. मला पत्रातून वेगळं दिसलं. "किडं" म्हणणाऱ्या त्याच, दुसऱ्याच वाक्यात त्यांना "जित्राब" म्हणतात आणि ती मेल्यावर "जीव घेतलास" म्हणतात. किड्याच्या मरणाचं पाप सहसा कुणी धरत नाही. तुम्ही दोघी एकाच गोष्टीने हळहळताय आणि एकमेकींवर चिडताय. त्यांचं माहेर कुठलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण जित्राब पत्र्याखाली बांधू नये हे ज्यांच्या तोंडून इतक्या सहज निघतं, त्यांनी गोठा आणि उकिरडा बघितलेला असणार. शेण किती दिवसांनी निवतं, उकिरडा कधी उकरायचा, खत झालं हे वासावरून कसं कळतं, यांतलं बरंच त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असेल. त्यांना "मदतीला घेऊ" असं मनात आणू नका, त्यांना ते लगेच कळेल. साधं विचारा: "आई, तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं. आता कुठं ठेवू?" आणि त्या सांगतील तिथे ठेवा, ती जागा तुमच्या मनातली नसली तरी. देवघरापासून लांब हवा, स्वयंपाकघरात नको, असं त्या म्हणाल्या तर तेही मान्य करा. देवाच्या फुलांचं निर्माल्य दोरा काढून, दोन दिवस सुकवून त्या डब्यात चालतं, हे त्यांना सांगून ठेवा. झेंडू, शेवंती गांडुळं आवडीने संपवतात.

आणि सगळं सांगूनही त्या नको म्हणाल्या तर? तर घर त्यांचंही आहे. मग पालापाचोळ्याची बिनगांडुळांची बादली करा आणि मुलाच्या टॉर्चसाठी एखाद्या मैत्रिणीच्या अंगणात सावली शोधा. शेजाऱ्यांकडे मात्र आजच जाऊन या. वास कशाचा होता आणि आता तो येणार नाही, हे तुमच्या तोंडून ऐकलं की पुढच्या वेळी ते तक्रारीऐवजी खत मागायला येतील.

शेवटी तो झाकून ठेवलेला डबा. तो फेकू नका. सावलीत नेऊन झाकण काढा आणि दिवसभर वारा लागू द्या. वरचा राखाडी, चिकट थर काढून वेगळा करा, तो घंटागाडीत द्या. तळाकडचा जुना, काळसर भाग राहील, तुमच्या पहिल्या तीन आठवड्यांतला. त्यात फाडलेला कोरडा पुठ्ठा मिसळा, पसरट भांड्यात ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि पाच-सहा आठवडे खायला काही न घालता नुसती ओल राखा. गांडुळं अंडी एका कोषात घालतात आणि मोठ्या गांडुळांपेक्षा ते कोष बरेच चिवट असतात. सगळे वाचले असतील असं म्हणत नाही. तुमच्या बाल्कनीत ऊन कडक होतं. पण तळाशी थोडं गार राहिलेलं असू शकतं.

मुलाला टॉर्च घेऊन बोलवा. त्यातला मूठभर माल वर्तमानपत्रावर पातळ पसरा. मोहरीपेक्षा जरा मोठे, लिंबासारखे दोन्ही टोकांना निमुळते, मधाच्या रंगाचे दाणे दिसतात का बघा. उबायला आलेले तांबूस होतात. महिन्याभराने त्याच मालात दोऱ्याच्या तुकड्यासारखं सेंटिमीटरभर काहीतरी वळवळताना दिसेल. ते पूर्ण पांढरं असेल तर ते गांडूळ नाही, दुसरे निरुपद्रवी जंतू आहेत. अंगातून बारीक तांबडी रेघ जाताना दिसली, तर ते तुमच्याच अर्ध्या किलोतलं पिल्लू आहे. तशी रेघ दिसली तर नवी गांडुळं विकत आणू नका. मला कळवा, आणि सासूबाईंना माझ्या आधी दाखवा.